विश्लेषण : बिबट्यापासून बचावासाठी पिस्तूल बाळगता येते का? बाळगले तरी उपयोग किती?

येऊरच्या पायथ्याशी पहाटे फिरायला जाणारे ठाणेकर असोत की मलंगगडाच्या बाजूला भटकंतीला निघणारे कल्याण-डोंबिवलीकर, बिबट्या दिसल्याची बातमी आली की ‘जवळ एखादे पिस्तूल हवे’ हा विषय निघतोच. याबाबत कायदा काय म्हणतो आणि वेळ आली तर असे शस्त्र खरेच कामाला येते का, हे पाहू.

शहरात बिबट्या येतो कसा?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि ठाण्याचे येऊर हा त्याचाच भाग आहे. भटकी कुत्री हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आणि कुत्री जगतात कचऱ्यावर. त्यामुळे तो वस्तीच्या कडेपर्यंत येतो. २० फेब्रुवारी २०१९ रोजी ठाण्यातील कोरम मॉलमध्ये शिरलेला बिबट्या पुढे जवळच्या एका हॉटेलच्या आवारात सापडला. २४ नोव्हेंबर २०२२ रोजी कल्याण पूर्वेत चिंचपाडा भागातील इमारतीत बिबट्या घुसला आणि काही जण जखमी झाले. दोन्ही वेळी वनखात्याच्या पथकांनी भूल देऊन त्याला पकडले. गोळी झाडावी लागली नाही.

पिस्तुलाचा परवाना कोण देते?

शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदुक बाळगता येत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीसाठी हा अधिकार ठाणे पोलीस आयुक्तांकडे आहे. अर्जदाराचे वय किमान २१ हवे. जिवाला धोका असल्याचे कारण पटवून द्यावे लागते आणि पोलीस त्याची पडताळणी करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. विनापरवाना शस्त्र सापडले तर किमान दोन वर्षे कैद होऊ शकते.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील शेतकऱ्यांकडे बंदुका कशा, असा प्रश्न अनेकांना पडतो. ते शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत. ते प्रामुख्याने ठासणीच्या लांब नळीच्या बंदुकांसाठी असतात, पिस्तुलासाठी नव्हे.

ठाण्यासाठी वेगळी अट कोणती?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या परिघात मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हीच तरतूद लागू आहे. येऊर शहराला लागूनच असल्याने ठाण्याचा बहुतांश भाग या परिघात येतो. शिवाय, परवाना असला तरी उद्यानात शस्त्र घेऊन जायला वेगळी लेखी परवानगी लागते. म्हणजे ज्या जंगलातल्या वाटेसाठी पिस्तूल हवे, तिथेच ते नेता येत नाही.

जीव वाचवताना बिबट्या मेला तर?

बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होतो. मात्र कलम ११(२) नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने प्राणी मारला वा जखमी केला तर तो गुन्हा ठरत नाही. त्यालाही अट आहे : त्या क्षणी ती व्यक्ती याच कायद्याचा भंग करत असता कामा नये. परवानगीशिवाय उद्यानात शस्त्र नेणाऱ्याला हे संरक्षण मिळणे अवघड आहे. मेलेला प्राणी सरकारी मालमत्ता असतो.

प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला आणि पकडणे, भूल देणे वा स्थलांतर शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा आदेश देऊ शकतात. गावकऱ्यांना किंवा सोसायटीला तो अधिकार नाही.

पिस्तूल कामाला येते का?

परदेशात अस्वलांच्या प्रदेशात काही जण मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर बाळगतात. तिथल्या ०.४४ मॅग्नम गोळीची ऊर्जा एक हजार जूलच्या आसपास किंवा त्याहून जास्त असते. आपल्याकडे ०.३८ आणि ९ मिमी ही बोअर सामान्य नागरिकांना प्रतिबंधित आहेत. परवानाधारकाकडे सहसा ०.३२ बोअरचे शस्त्र असते. ०.३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीची ऊर्जा दीडशे जूलच्या आसपास भरते. एवढ्याने बिबट्या जागीच थांबेल याची खात्री नाही आणि जखमी बिबट्या जास्त धोकादायक असतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. बिबट्या ताशी ५५ ते ६० किलोमीटर वेगाने झेपावतो. २० मीटर अंतर तो साधारण दोन सेकंदांत कापतो. शस्त्र काढून, नेम धरून गोळी झाडायला सरावलेल्या माणसालाही जवळपास तेवढाच वेळ लागतो. त्यातून हल्ला अनेकदा मागून आणि अंधारात होतो. तिसरा मुद्दा गर्दीचा. चिंचपाड्यासारख्या दाट वस्तीत चुकलेली गोळी शेजाऱ्याला लागू शकते.

अलास्कातील १९८५ ते २००६ दरम्यानच्या घटनांच्या अभ्यासात तिखट फवाऱ्याने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखल्याचे आढळले. बिबट्याबाबत हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. पण जंगली जनावरांच्या प्रदेशातही बंदूक हा एकमेव उपाय मानला जात नाही, हे त्यातून दिसते.

मग करायचे काय?

पहाटे व तिन्हीसांजेनंतर जंगलाच्या कडेने एकट्याने जाऊ नये. सोबत काठी आणि चांगला टॉर्च ठेवावा, बोलत किंवा मोबाइलवर गाणी लावत चालावे. लहान मुलांना मध्ये ठेवावे. उघड्यावर वाकून किंवा उकिडवे बसू नये, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखा भासू शकतो. समोर आला तर पळू नये. ताठ उभे राहून, हात वर करून, मोठ्याने ओरडत हळूहळू मागे सरकावे आणि त्याला निघून जायला वाट ठेवावी.

इमारतीत शिरला तर दार बंद करून वनखात्याच्या १९२६ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. व्हिडीओसाठी जमणारी गर्दी त्याला कोंडीत पकडते आणि कोंडीत सापडलेला बिबट्याच हल्ला करतो. ओरखडा वा चावा लागल्यास जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. रेबीजची लस टाळू नये.

सोसायटीच्या मागचा कचऱ्याचा ढीग हटला तर कुत्री कमी होतात, आणि त्यांच्यामागे येणारा बिबट्याही. त्यासाठी कुठलाच परवाना लागत नाही.