कोळसा गेला, ढिगारे राहिले

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यात उकणी, जुनाड, कोलारपिंपरी या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खुल्या कोळसा खाणी. कोळशापर्यंत पोचायला आधी वरची काळी कसदार जमीन आणि मग खालचा खडक उपसतात. रस्त्यावरून दिसणारे डोंगर या उपशाचेच. त्यात नत्र आणि सेंद्रिय कर्ब जवळपास नसतो, पाणी टिकत नाही. गंधकयुक्त खनिज असेल तर पावसाने आम्लताही वाढते. अशा मुरमात नुसते खड्डे खणून लावलेली रोपे वऱ्हाडचा उन्हाळा काढणार कशी?

उतारा फार लांब नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर साखर कारखान्यांतला प्रेसमड मिसळला, रोपांच्या मुळांशी रायझोबियम, अझोटोबॅक्टर हे जिवाणू आणि मायकोरायझा बुरशी दिली, त्यावर साग, शिवण, शिसम जगले. मात्र वरची माती सुरुवातीलाच वेगळी राखली, तर निम्मे काम तिथेच होते.

पैशाची सोयही कागदावर आहे. केंद्राच्या 2009 च्या खाणबंदी आराखड्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुल्या कोळसा खाणीसाठी हेक्टरी 6 लाख रुपये एस्क्रो म्हणजे राखीव खात्यात ठेवायचे होते. खरी गोम मालकीत आहे: 1957 च्या कोळसाक्षेत्र कायद्याने घेतलेली जमीन खाण संपली म्हणून शेतकऱ्याकडे आपोआप परत येत नाही.

खाणविस्ताराची जनसुनावणी असेल, तर किमान 30 दिवस आधी सूचना निघते. खाणबंदी आराखडा तेव्हाच मागा.