डॉक्टर डूम : होस्टेल ते हुकूमशाही

कॉमिक्समधल्या हीरोचं आपण कौतुक करतो, पण जीव जडतो तो व्हिलनवर. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा ‘खलनायक’ऐवजी व्हिलनच म्हणते, चालेल ना?) कोणाला जोकर आवडतो, कोणाला मॅग्नेटो. माझं मत मात्र डॉक्टर डूमला!

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी त्याला १९६२ साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या पाचव्या अंकात आणलं. तेव्हा तो नुसता लोखंडी मुखवट्यातला एक खतरनाक माणूस होता. त्याची पूर्ण गोष्ट आली १९६४ च्या वार्षिक अंकात, आणि ती वाचताना आपल्याच होस्टेलवर असल्यासारखं वाटतं.

व्हिक्टर व्हॉन डूम हा लॅटव्हेरिया नावाच्या काल्पनिक देशातला, रोमा वस्तीत वाढलेला अनाथ मुलगा. डोकं मात्र अफाट. त्या जोरावर स्कॉलरशिप मिळवून तो अमेरिकेत कॉलेजला येतो. तिथे रीड रिचर्ड्स नावाचा तितकाच हुशार मुलगा त्याला विचारतो, आपण रूममेट होऊया का? डूम साफ नाही म्हणतो. त्याला स्वतंत्र खोली हवी असते, कारण गुपचूप एक यंत्र बनवायचं असतं. एकदा रीडच्या नजरेला त्याचे कागद पडतात. तो सांगतो की दशांशात गडबड आहे, परत तपासून घे. डूम त्याला हाकलून देतो. यंत्राचा स्फोट होतो, चेहरा भाजतो, कॉलेज नाव काढून टाकतं. आणि डूमच्या मते दोष कोणाचा? रीडचा!

हसू येतं ना? पण सबमिशनच्या आदल्या रात्री ‘अरे, तुझं साइन उलटं पडलंय’ असं सांगणारा मित्र आपल्याला कसा वाटतो, आठवून बघा. जोकर घाबरवतो, कारण त्याचा भूतकाळ धड कोणालाच माहीत नाही. मॅग्नेटोला १९८१ पासून नाझी छळछावणीचा भूतकाळ मिळाला, त्याच्यापुढे आपण गप्प होतो. डूमचा राग मात्र आपल्या मापाचा आहे. कर्बींच्या कल्पनेत तर त्याच्या चेहऱ्यावर जेमतेम एक ओरखडा होता, तेवढाही त्याला सहन झाला नाही! मुखवटा थंड व्हायच्या आत त्याने तो चेहऱ्यावर चढवला. डिग्री अर्धवट राहिली, तरी स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवतो, आणि देशाचा राजा होऊन बसतो. हीरो बहुतेक वेळा काहीतरी घडल्यावर धावत येतो, प्लॅन असतो तो व्हिलनकडे. आपल्यासारख्या प्रोजेक्टवाल्यांना याचं आकर्षण वाटणारच.

ते यंत्र कशासाठी होतं, हे पुढच्या कथांमधून उलगडत गेलं. मेलेल्या आईपर्यंत पोचण्यासाठी! तिचा आत्मा मेफिस्टो नावाच्या सैतानाकडे अडकलेला. १९८९ च्या ‘ट्रायम्फ अँड टॉर्मेंट’मध्ये डूम तिच्या बदल्यात चक्क मदतीला आलेल्या डॉक्टर स्ट्रेंजलाच सैतानाच्या हवाली करतो. असल्या पापाने मिळणारी सुटका आईला नको असते. ती मुलाला झिडकारते, आणि त्या नकारामुळेच तिचा आत्मा शुद्ध होऊन सुटतो. आई आपला तिरस्कार करणार हे डूमला आधीच ठाऊक होतं. त्याचा प्लॅनच तो होता. या वेळी गणित बरोबर आलं.