विदा संचयन प्रणाली, संस्थात्मक

शासकीय खाती, बँका, रुग्णालये, विद्यापीठे, उद्योगसमूह इ. मोठ्या संस्थांकडील विदा (माहितीच्या मूळ नोंदी) अंकीय रूपात साठविणाऱ्या, अनेक संगणकांना एकाच वेळी पुरविणाऱ्या व वर्षानुवर्षे निर्दोष राखणाऱ्या यंत्रणेस संस्थात्मक विदा संचयन प्रणाली म्हणतात. घरगुती संगणकातील स्मृतीहून ती केवळ आकारमानाने मोठी असते असे नाही. यंत्राचा एखादा भाग बिघडला तरी काम चालू राहणे, कोणत्या नोंदीत कोणी व केव्हा बदल केला हे कळणे आणि अपघातानंतर सर्व विदा पूर्ववत करता येणे, या तीन गोष्टी तिच्याकडून अपेक्षित असतात.

या अपेक्षांचे महत्त्व भूमि-अभिलेखांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अमरावती जिल्ह्यातील अचलपूर (पूर्वीचे एलिचपूर) हे इमादशाहीच्या काळापासून वऱ्हाडातील सत्तेचे ठाणे होते. १८५३ च्या तहानुसार वऱ्हाड निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले व १८६० नंतरच्या दशकात तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी होऊन रयतवारी आकारणी सुरू झाली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले, तर १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावती जिल्ह्यात विलीन झाला. पुढे हा प्रदेश १९५० मध्ये मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. प्रत्येक वेळी राज्यकर्ते, कायदे व नमुने बदलले. परंतु शेताचा भूमापन क्रमांक आणि कब्जेदाराचे नाव यांची नोंद मात्र पुढे चालत राहिली. नोंद ही ती करणाऱ्या राज्यव्यवस्थेपेक्षा दीर्घायुषी असावी लागते. अंकीय संचयनाची खरी कसोटीही हीच होय.

भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र शासनाची प्रायोगिक योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली; त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमि-अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम हाती घेण्यात आला. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरी असलेला सात-बारा उतारा उपलब्ध झाला. जुन्या पानांच्या प्रतिमा मात्र क्रमवीक्षणाने (स्कॅनिंगने) घ्याव्या लागतात. एका पानाची प्रतिमा २०० किलोबाइटची धरल्यास १० लाख पानांना २०० गिगाबाइट जागा पुरते व ती आजच्या एका लहान तबकडीतही मावते. यावरून दिसून येते की, अशा अभिलेखांच्या बाबतीत प्रश्न प्रामुख्याने जागेचा नसून सुरक्षिततेचा व उपलब्धतेचा आहे.

विकास : चुंबकीय तबकडी वापरणारे पहिले व्यापारी संचयन साधन आय.बी.एम. कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणले. त्यात सु. ६१ सेंमी. व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व सर्व मिळून केवळ ५० लाख वर्ण साठविता येत असत. पुढील काळात तबकड्या लहान आणि स्वस्त होत गेल्या. १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) डेव्हिड पॅटर्सन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका मोठ्या व महाग तबकडीऐवजी अनेक स्वस्त तबकड्यांची मांडणी करण्याची कल्पना पद्धतशीरपणे मांडली. ही मांडणी ‘रेड’ या नावाने ओळखली जाते.

रेडचे तत्त्व हिशेबाच्या वहीतील बेरजेसारखे आहे. तीन तबकड्यांवर ७, ५ व ९ हे अंक असून चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहिली आहे असे समजू. दुसरी तबकडी निकामी झाल्यास २१ मधून ७ व ९ वजा करून गेलेला ५ परत मिळतो. प्रत्यक्षात बेरजेऐवजी द्विमान अंकांवरील एक तार्किक क्रिया वापरतात. तबकड्यांची धारकता वाढल्यावर गेलेली तबकडी नव्याने भरून काढण्यास कित्येक तास, प्रसंगी दिवस लागू लागले व तेवढ्या अवधीत दुसरी तबकडी बिघडण्याचा धोका उद्‌भवला. म्हणून दोन जादा तबकड्यांची मांडणी रूढ झाली. याहून व्यापक अशा पद्धतीत विदेचे, उदा., १० तुकडे करून गणिताने आणखी ४ तुकडे तयार करतात व हे १४ तुकडे वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात. त्यांपैकी कोणतेही १० तुकडे हाती आले तरी मूळ विदा मिळते. तीन पूर्ण प्रती ठेवण्यास तिप्पट जागा लागते. येथे १·४ पट जागेत चार यंत्रांचा बिघाड सोसता येतो. या पद्धतीचा पाया असलेले संकेतन आयर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० मध्येच मांडले होते.

अर्धसंवाहक संचयन : मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्यास सु. ८·३ मिलिसेकंद लागतात. वाचनशीर्ष योग्य पट्ट्यावर नेण्याचा वेळ त्यात मिळविल्यास एक नोंद शोधण्यास साधारण १० मिलिसेकंद जातात. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८०–९० या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीत फिरणारा भागच नसल्यामुळे हा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी होतो. आरंभी अशी स्मृती तबकडीसाठी बनविलेल्या जुन्या जोडणीतूनच वापरली जाई व त्या जोडणीत ३२ आज्ञांची एकच रांग असे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एनव्हीएमई’ मानकाने सु. ६५ हजार रांगांची सोय केली. २०१६ मध्ये हेच मानक संगणकजालावरून वापरण्याची तरतूद झाली व त्यामुळे दूरची सामायिक स्मृती संगणकाला आपल्या पेटीतील स्मृतीइतकीच जवळची भासू लागली. फ्लॅश स्मृतीतील कोष्ठिका मात्र मर्यादित वेळाच पुसता येतात. म्हणून लेखनाचा भार सर्व कोष्ठिकांवर समप्रमाणात वाटून द्यावा लागतो.

धारकता व काटकसर : फ्लॅश महाग असल्याने मोठ्या साठ्यांसाठी चुंबकीय तबकड्या अद्याप टिकून आहेत. २०१३ पासून हीलियम वायूने भरलेल्या तबकडी-पेट्या वापरात आल्या; विरळ वायूत रोध कमी झाल्याने एका पेटीत अधिक तबकड्या बसविता आल्या. पुढे लेसर किरणाने तबकडीचा सूक्ष्म बिंदू क्षणभर ४००° से.च्या वर तापवून त्यावर लेखन करण्याचे तंत्र विकसित झाले व २०२४ मध्ये ३० टेराबाइटच्या (१ टेराबाइट = एक लाख कोटी बाइट) तबकड्या बाजारात आल्या. तीच विदा पुन्हा साठविली जात असल्यास दुसऱ्या वेळी केवळ तिचा निर्देश ठेवण्याची पुनरावृत्ति-निरसन पद्धतीही जागा वाचविते.

प्रती व संरक्षण : २१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील नस्त्या मोठ्या प्रमाणावर जळाल्या. ज्यांच्या अंकीय प्रती आधीच घेतलेल्या होत्या त्याच पुन्हा उभ्या करणे सुकर होते. अंकीय प्रतही एकाच जागी असल्यास सुरक्षित नसते. म्हणून किमान तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांतील एक दूरच्या ठिकाणी, असा संकेत पाळला जातो.

आगीपेक्षा वेगळा धोका म्हणजे विदा कुलूपबंद वा नष्ट करणाऱ्या घातक आज्ञावलींचा होय. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या आज्ञावलीने जगभरातील संगणक निकामी केले. मर्स्क या जहाज कंपनीला त्याची मोठी झळ बसली व मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे काम विस्कळित झाले. कंपनीच्या संगणकजालाची मूळ निर्देशिका अखेर घाना देशातील कार्यालयात सुखरूप सापडली. वीज गेल्यामुळे तेथील संगणक त्या वेळी जालापासून तुटलेला होता. जे तेथे योगायोगाने घडले ते आता हेतुपुरस्सर घडविले जाते. ठराविक मुदतीपर्यंत प्रशासकालाही पुसता वा बदलता येणार नाहीत अशा प्रती ठेवतात, तसेच एक प्रत जालापासून पूर्णपणे अलग ठेवतात. या कामासाठी जुनी समजली गेलेली चुंबकीय फीत पुन्हा महत्त्वाची ठरली आहे. २०२१ मधील पिढीच्या एका फीत-पेटीत १८ टेराबाइट विदा मावते. कपाटात ठेवलेल्या फितीला वीजही लागत नाही.

मर्यादा : यंत्रणा कितीही निर्दोष असली, तरी चुकीची नोंद ती तितक्याच निष्ठेने जतन करते. क्रमवीक्षणाने मिळते ती पानाची प्रतिमा. तिच्यातील मजकूर शोधता येण्यासाठी तो वाचून निर्देशसूची तयार करावी लागते. २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर जुन्या महसुली व अन्य नोंदी तपासण्यात आल्या, तेव्हा मोडी जाणणाऱ्या वाचकांची गरज प्रकर्षाने जाणवली. शिवाय तबकडी साधारणपणे काही वर्षांत बदलावी लागते व नोंदींचे संकेतन कालबाह्य होते. त्यामुळे विदा वेळोवेळी नव्या माध्यमावर व नव्या संकेतनात उतरवून मूळ नोंदीशी ताडून पाहणे अपरिहार्य असते. अचलपूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने उतारा किती जलद मिळतो याइतकेच, त्याच्या नातवाला तो वाचता येईल की नाही, हेही महत्त्वाचे आहे. म्हणून क्रमवीक्षण पूर्ण झाल्यावरही मूळ कागदपत्रे जपून ठेवणे इष्ट ठरते.