वऱ्हाडातला आखाडा

डोणगाव मेहकर तालुक्यात येते. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथूनच जातो. पश्चिमेला गेले की सिंदखेड राजा लागते, जिजाऊंचे जन्मगाव. पूर्वेला मालेगाव, कारंजा मागे टाकत अमरावती गाठता येते. तिथे 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला. तेच आजचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. सिंदखेड राजाबद्दल आपल्याकडे भरपूर बोलले जाते. अमरावतीच्या त्या आखाड्याबद्दलही तेवढेच बोलले जावे असे मला वाटते, कारण मर्दानगी म्हणजे काय हे वऱ्हाडाने तिथे शंभर वर्षे घामातून शिकवले आहे.

आखाड्याचा जीव हौद्यात असतो. चाळलेल्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू, कापूर घालून ती मऊ केली जाते. पहाटे पोरे उतरतात आणि आधी फावड्याने माती उकरतात. हाही व्यायामच. मग जोर, बैठका, सपाट्या. त्यानंतर करेला, मुद्गल, आणि शेवटी लढत. घरी गेल्यावर बदाम-खसखशीची थंडाई. नवा मुलगा आला की वस्ताद त्याला पहिले काही महिने डाव शिकवतच नाहीत. हौदा खणणे, झाडणे, मोठ्या पहिलवानांचे अंग रगडणे ही त्याची कामे. ज्याला हे जमते त्यालाच पुढे ढाक, धोबीपछाड, कलाजंग कळतात.

ताकद अंगात येण्याआधी तिच्यावर लगाम आला पाहिजे, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. पहिलवान कासोट्याचा घट्ट हवा, व्यसनापासून दूर हवा, आणि आखाड्याबाहेर त्याने कुणावर हात टाकता कामा नये. तसे झालेच तर अब्रू वस्तादाची जाते. फडातही दोघे आधी एकमेकांच्या अंगाला माती लावतात, मग भिडतात, आणि कुस्ती निकाली झाली की हात मिळवतात. आज चौकात तलवारीने केक कापून आणि बुलेटचे फटाके वाजवून जी मर्दानगी दाखवली जाते, ती हौद्यात चार दिवसही टिकणार नाही. तिथे समोरचा तुम्हाला उचलून पाठीवर टाकतो आणि तुम्हाला उठून त्याच्याशीच पुन्हा लढावे लागते.

अमरावतीकरांनी या विद्येला गावच्या वेशीबाहेर नेले. कुस्तीबरोबर मल्लखांब, लाठी, लेझीम, कबड्डी यांचे पद्धतशीर शिक्षण त्यांनी सुरू केले. क्रांतिकारक राजगुरू यांच्या शरीराची घडण इथल्याच तालमीत झाली. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाचे पथक जर्मनीला गेले आणि त्याने परदेशी लोकांसमोर देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. एरंडेल चोपडलेल्या लाकडी खांबावर अंग तोलण्याची मल्लखांबाची कला दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी नव्याने उभी केली होती. आता ती जगासमोर गेली.

पुढे या संस्थेतून शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय वाढले आणि त्यात मुलीही आल्या. मुलगी आखाड्यात उतरली की परंपरा बाटते असे मानणारे अजून भेटतात. निदान जिजाऊंच्या जिल्ह्यात तरी असे कुणी म्हणू नये. दोरीच्या मल्लखांबावर आसने करणारी पोरगी संयम, सराव आणि वस्तादाच्या शब्दाचा मान हे तिन्ही पाळते. हौदा याशिवाय आणखी काही मागत नाही.

बदल मात्र खरे आहेत. मातीतली कुस्ती पाठ लागेपर्यंत चाले, चितपट हाच निकाल. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. त्यामुळे मातीतच वाढलेला मल्ल मॅटवर गोंधळतो. म्हणून हौदे मोडावेत असे मला वाटत नाही. गावात माती राहावी आणि शेजारी मॅटही अंथरावी.

मातीतून मॅटवर जाणे किती अवघड असते ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी सोसले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांचा फड भरवला आणि त्यातून आलेल्या पैशांनी आधी प्राचार्यांचे घर सोडवले.