कौंडण्यपूरच्या पुलापलीकडे

गेल्या डिसेंबरात आर्वीला नात्यातल्या एका मुलीचा निकाह होता. दावत रात्री उशिरापर्यंत चालली, म्हणून आम्ही तिथेच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती, तेव्हा पहाटे पाचलाच निघालो. आम्ही दोघे, दोन मुली आणि मागच्या सीटवर शाल गुंडाळून बसलेले अब्बा. फज्र वाटेत पढू, नाश्ता घरी जाऊन करू, असा बेत होता. अब्बांनी मात्र नेहमीच्या शिस्तीने निघण्याआधी इन्सुलिन टोचून घेतले होते. हे आम्हाला ठाऊक नव्हते.

आर्वीहून अमरावतीला यायचे तर देऊरवाड्याजवळ वर्धा नदी ओलांडावी लागते. पूल संपला की अमरावती जिल्हा लागतो आणि काठावरच कौंडण्यपूर. रुक्मिणीचे माहेर म्हणून हे गाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. इथून पंढरपूरला पायी जाणारी पालखी चारशे वर्षांहून जुनी मानतात. आम्ही या रस्त्याने कितीदा तरी गेलो असू, पण पहाटेच्या थंडीत पहिल्यांदाच.

पुलावर चढलो आणि समोरचे जग पुसून गेले. असे धुके आम्ही फक्त टीव्हीवर, दिल्ली-हरियाणाच्या बातम्यांत पाहिले होते. हवामान खात्याच्या भाषेत एक किलोमीटरपेक्षा कमी अंतरावरचे दिसेल त्याला धुके म्हणतात. आम्हाला बोनेटच्या पुढे दहा-पंधरा फूटसुद्धा दिसत नव्हते. आभाळ निरभ्र असले, वारा पडलेला असला की रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतच्या ओलसर हवेचे धुके बनते. नदीकाठी ओल आधीच असते. त्यात रब्बीच्या दिवसांत गहू-हरभऱ्याला पाणी दिलेले असते.

आम्ही पहिली चूक केली ती मोठा लाइट लावण्याची. धुक्याचे थेंब तो उजेड परत आपल्याच डोळ्यांत फेकतात; समोर पांढरी भिंत उभी राहते. लाइट खाली केला तेव्हा कुठे रस्त्याची कड दिसू लागली. तेवढ्यात अगदी पुढ्यात कापसाने भरलेली एक बंडी आली. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. ब्रेक दाबून गाडी डावीकडे घेतली. बंडी वाचली, आम्ही वाचलो, पण डावीकडची दोन्ही चाके साइडपट्टीवरून घसरून काळ्या मातीत रुतली. बंडीवाला घुंगरांच्या आवाजासह धुक्यात निघून गेला. त्याला बहुधा कळलेही नसेल.

गाडी मागे घेण्याचा जितका प्रयत्न करावा तितके चाक खोल जात होते. वऱ्हाडातली काळी माती ओली झाली की काय करते, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. मोबाइलला धड रेंज नव्हती. धाकटी रडायला लागली. आणि आता एक गोष्ट कबूल करायला हवी : आम्हाला थंडीपेक्षा जास्त भीती कोणीतरी येईल याची वाटत होती. अंधार, अनोळखी शिवार, अब्बांची दाढी-टोपी, सोबत बुरख्यातली बाई. आजकाल मोबाइलवर जे व्हिडिओ फिरतात ते पाहून मन असेच घडत जाते. आम्ही गाडीचे दरवाजे आतून बंद करून बसलो.

इतक्यात अब्बांचा हात मुलीला ओला लागला. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता, हात थरथरत होते. आणि "बस स्टँड आलं का?" असे ते पुन्हा पुन्हा विचारू लागले. तेव्हा इन्सुलिनची गोष्ट कळली. रात्री दावतीतही त्यांनी दोनच घास खाल्ले होते. गाडीत बिस्किटाचा पुडासुद्धा नव्हता.

काचेवर टकटक झाली. डोक्याला मफलर, हातात टॉर्च, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला तिशीचा एक माणूस.

"काऊन जी, गाडी उतरली का खाली?"

आम्ही काच दोन बोटे खाली केली. त्याने आत टॉर्च मारला आणि त्याची नजर अब्बांवर थांबली. "चाचाले काय होऊन राह्यलं?"

शुगर कमी झाली असेल, एवढेच आम्ही बोललो. तो पुढे काही न विचारता धुक्यात पळाला. पाचेक मिनिटांनी परतला तो गुळाचा खडा आणि किटलीत चहा घेऊन. त्याचे वावर रस्त्यालगतच होते. शेतीच्या पंपाला त्या आठवड्यात रात्रीची लाइन होती, म्हणून तो रात्रभर ओलित करत होता. मोटारीजवळ त्याच्या आईने पऱ्हाटीची शेकोटी पेटवून चहा ठेवला होता. हिवाळ्यात आपण दुलईत असतो तेव्हा वऱ्हाडातले किती शेतकरी असे साप-विंचवात पाणी देत उभे असतात, हे आम्ही पेपरात वाचले होते. पाहिले त्या दिवशी.

अब्बा शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणून गूळ देता आला. मधुमेहाच्या घरांनी हे लक्षात ठेवावे : अशा वेळी साधारण तीन चमचे साखर किंवा तेवढाच गूळ लगेच द्यावा, पंधरा मिनिटे थांबून सुधारणा पाहावी, कमी वाटल्यास पुन्हा द्यावा आणि मग काहीतरी खाऊ घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. अब्बा पंधरा-वीस मिनिटांत सावरले आणि आधी मुलींना रागावले, "रडता कशाला?"

तोवर त्याने शेजारच्या वावरातून ट्रॅक्टरवाला आणला होता. चाकाखाली पऱ्हाटी घातली, साखळी बांधली आणि दोन झटक्यांत गाडी वर आली. पूर्वेकडे उजाडू लागले होते. अब्बांनी नमाजची वेळ जाते आहे म्हटले, तर त्या माऊलीने शेकोटीजवळची जागा झाडली आणि धुतलेले खताचे पोते अंथरले. तिच्या मुलाने हात करून दाखवले, "नदी इकडं मांगं, सूर्य तिकूनच निंगते. म्हंजे तुमचं तोंड इकडं." त्याला दिशा विचारावी लागली नाही. कुऱ्ह्याच्या बाजारात त्याचे मुसलमान मित्र आहेत, असे त्याने नंतर सांगितले.

पैसे काढले तर तो ओशाळला. "तुमी अडकले व्हते, आमी तं जागेच व्हतो." मग मोटारसायकल काढून, मागचा दिवा चालू ठेवून, कुऱ्ह्यापर्यंत आमच्या पुढे चालला.

त्या सबंध वाटेवर आम्ही गप्प होतो. कारण दोघांनाही एकच गोष्ट आठवत होती. आदल्या वर्षी महामार्गावर रात्री एक दुचाकी पडलेली होती. शेजारी माणूस बसला होता, डोके धरून. आमच्या गाडीचा वेग कमी झाला आणि पुन्हा वाढला. पोलिसांची भानगड नको, कोर्टाच्या खेपा नकोत, त्यात आपले नाव असे. पुढे जाऊन १०८ ला फोनही केला नाही. त्याचे काय झाले, आम्हाला माहीत नाही.

खरे तर भीतीचे ते कारण कायद्याने केव्हाच संपवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले आणि २०२० मध्ये त्याचे नियम. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याने नाव, पत्ता सांगण्याची सक्ती नाही. रुग्णालयाने त्याला अडवून ठेवायचे नाही, पैसे मागायचे नाहीत. त्याने स्वतःहून साक्षीदार व्हायचे ठरवले तरच पोलीस जबाब घेतील. सरकारने २०२१ मध्ये अशा माणसाला ५,००० रुपयांचे बक्षीस ठेवले, २०२५ मध्ये 'राहवीर' नावाने ते २५,००० केले. वर्गात नागरिकशास्त्र शिकवणाऱ्यांनाही हे माहीत नव्हते. आणि माहीत असते तरी त्या रात्री थांबलो असतो का, याचे उत्तर आम्ही अजून एकमेकांना दिलेले नाही.

मुसाफिराचा हक्क आपल्याकडे काही नवा विषय नाही. जकातीच्या हकदारांत तो आहे. वाटेतला काटा उचलणे हाही ईमानचाच भाग आहे, हे मुले मदरशात पाठ करतात. आता समृद्धी महामार्ग झाला, ७०१ किलोमीटर, दोन्ही बाजूंना कुंपण. तिथे मदत फोनवर येते. कुंपणापलीकडचा शेतकरी गुळाचा खडा घेऊन येऊ शकत नाही.

जानेवारीत आम्ही मिठाई घेऊन कौंडण्यपूरला गेलो. तो रात्रीचे ओलित करून झोपला होता. त्याच्या आईने उठवू दिले नाही. मिठाई ठेवून घेतली आणि पिशवीभर तुरीच्या शेंगा दिल्या.

गाडीत आता गुळाची डबी, टॉर्च, दोर आणि दोन चादरी असतात. परवा परतताना रस्त्याकडेला एक मोटारसायकल आडवी दिसली तशी धाकटी ओरडली, "थांबा, थांबा!" आम्ही थांबलो, मागे आलो. तो बिचारा झाडाखाली लघवीला बसला होता.