पांडेसऱ्यातल्या बाळंतिणींसाठी मोबाइलवरचं ॲनिमेशन

सुरतमधल्या पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या आसपास खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं राहतात. आई-आजी गावाकडे असेल, तर बाळाला छातीशी धरायचं कसं, हे शेजारी बसून दाखवणार कोण?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने आरोग्यावर ॲनिमेशन व्हिडिओ केलेत. बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांचा त्यात मोठा वाटा आहे. मराठी, गुजराती, हिंदीत, तेही मोफत!

स्तनपानाचा व्हिडिओ मला फार आवडतो. डाव्या बाजूला पाजताना बाळाला उजव्या हाताने आधार द्यायचा, त्याने तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं आणि मग जवळ घ्यायचं. नुसतं स्तनाग्र नव्हे, त्याभोवतीच्या काळ्या भागाचाही बराचसा भाग, विशेषतः खालचा, तोंडात जायला हवा. हनुवटी स्तनाला टेकलेली हवी. पकड चुकली की आईला दुखतं आणि बाळाचं पोट भरत नाही. हे चित्रात जितकं स्पष्ट दिसतं, तितकं तोंडी सांगून कळत नाही. शिवाय चित्र असल्याने घरात सगळ्यांसमोर बघायला संकोच वाटत नाही.

जन्मानंतर तासाभरात पाजा. पहिलं पिवळसर चिकाचं दूध अजूनही काही घरांत टाकून देतात, ते मुळीच टाकू नका. सहा महिने फक्त आईचं दूध. पाणी, घुटी काही नको. मध तर वर्षभर नाहीच.

घरात कोणी गरोदर असेल तर सातव्या महिन्यातच व्हिडिओ दाखवा, सासूबाईंनाही सोबत बसवा. बाळ नीट पीत नसेल किंवा लघवी कमी होत असेल, तर मात्र व्हिडिओवर विसंबू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.