रॅलीची मोटार : ताकद किती आणि केव्हा?

चुलीत फुंकणीने हवा घातली की जाळ भडकतो. मोटारीच्या इंजिनाचेही तसेच आहे. सिलिंडरमध्ये जितकी जास्त हवा कोंबावी, तितके जास्त इंधन जळते आणि तितकी ताकद वाढते. पण ही हवा कोंबायची कशी? या प्रश्नाच्या वेगवेगळ्या उत्तरांनी १९८० नंतरच्या काही वर्षांत जागतिक रॅली स्पर्धांचा रंगच पालटला.

रॅली म्हणजे एकाच ट्रॅकवर घातलेल्या फेऱ्या नव्हेत. बर्फ, चिखल, खडी आणि घाटातील अरुंद वळणे यांतून चालक घड्याळाशी झुंजत असतो. अशा रस्त्यावर ताकद किती, याइतकेच ती केव्हा मिळते, हेही महत्त्वाचे ठरते.

जर्मनीच्या ऑडीने 'क्वात्रो'च्या पाच सिलिंडरच्या इंजिनाला टर्बोचार्जर जोडला आणि ताकद चारही चाकांना दिली. टर्बोचा पंखा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरतो. म्हणजे वाया जाणारी शक्ती कामी येते. पण वळणावर चालकाने पाय उचलला की पंखा मंदावतो आणि पुन्हा वेग घ्यायला त्याला थोडा अवधी लागतो. शिवाय क्वात्रोचे इंजिन अगदी पुढे होते, त्यामुळे गाडी वळायला जड जाई. तरीही घसरड्या रस्त्यांवर तिने भल्याभल्यांना मागे टाकले. १९८१ मध्ये याच गाडीतून फ्रान्सच्या मिशेल मूतोंने इटलीतील सान रेमो रॅली जिंकली. जागतिक अजिंक्यपद मालिकेतील रॅली जिंकणारी ती पहिली महिला.

इटलीच्या लान्चियाने '०३७' या गाडीत सुपरचार्जर बसवला. पिठाच्या गिरणीसारखा तो पट्ट्यावर फिरतो आणि हा पट्टा इंजिनच फिरवते. त्यामुळे पाय दाबताच ताकद हजर! मात्र त्यासाठी इंजिनाची थोडी शक्ती खर्ची पडते. इंजिन आसनांच्या मागे असल्याने गाडी चपळ होती, पण ताकद फक्त मागच्या चाकांना मिळे. १९८३ मध्ये चालकांचे अजिंक्यपद ऑडीच्या हान्नु मिकोलाने मिळवले, तर उत्पादकांचे लान्चियाने.

मग लान्चियाने दोन्ही उपाय एकत्र केले. 'डेल्टा एस ४' मध्ये इंजिन हळू फिरत असताना सुपरचार्जर आणि वेग वाढल्यावर टर्बो हवा पुरवत असे. जेमतेम पावणेदोन लिटरच्या इंजिनातून साडेचारशेहून अधिक अश्वशक्ती मिळू लागली, तीही चारही चाकांना. १९८५ च्या अखेरीस ब्रिटनमधील पहिल्याच रॅलीत फिनलंडच्या हेन्री टोइव्होनेनने ही गाडी जिंकून दाखवली.

परंतु इंजिन माणसाच्या पुढे धावू लागले होते. २ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावरील घाटात टोइव्होनेनची डेल्टा एका वळणावर दरीत कोसळली आणि पेटली. २९ वर्षांचा टोइव्होनेन आणि सहचालक सर्जिओ क्रेस्टो या दोघांचाही मृत्यू झाला. अपघाताचे नेमके कारण कधीच कळले नाही. त्याआधी मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत घुसून प्रेक्षकांचे बळी गेले होते. अखेर 'ग्रुप बी' गटातील या गाड्या १९८७ पासून जागतिक मालिकेतून बाद झाल्या.

पुढे टर्बोच्या तोंडाशी ठरावीक मापाची कडी बसवणे सक्तीचे झाले. आत जाणारी हवाच आवळली की ताकदीलाही आपोआप लगाम बसतो. फुंकणी हाती आहे म्हणून जाळ किती वाढवायचा, हे शेवटी माणसानेच ठरवायचे असते.